हळदीच्या खळ्यावरच्या राण्या

माझ्या मालकांना बी.ए. जमलं नाही, म्हणून त्यांनी माझं नाव वसमतच्या कॉलेजात घातलं. लग्न झालं तेव्हा मी बारावी पास होते आणि ते पहिल्या वर्षाला दोनदा नापास होऊन मेंढरांमागे लागले होते. शिरड शहापूरच्या त्या घरात दोघा भावांत मिळून पुस्तकांची एक लोखंडी पेटी होती. लग्नाच्या चौथ्या दिवशी त्यांनी तिची किल्ली माझ्या हातात दिली. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं, पण थोरल्या लेकाला ते सहसा नाही म्हणत नसत. रोज कॉलेजला जायचं नव्हतंच. फॉर्म भरायचा, घरी वाचायचं, परीक्षेपुरतं वसमतला जायचं, एवढंच ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरून महिना झाला नसेल, मालकांना ताप आला. साधा ताप वाटला. दोन दिवस ते वाडग्यात, मेंढरांच्या काटेरी कुंपणातच, घोंगडी अंथरून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी बरळायला लागले तेव्हा जीप करून नांदेडला नेलं. नवव्या दिवशी त्याच जीपमधून परत आणलं. मी वीस वर्षांची होते. पोरगी आठ महिन्यांची होती, तिला दात येत होते. बायका माझ्याभोवती बसून रडत होत्या आणि ती माझ्या दंडाला चावत होती. मला त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच.

तेराव्याला माझे वडील आले. मी त्यांना आबा म्हणायची. जवळा बाजारजवळच्या आमच्या गावी माझ्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी कपड्यांचं बोचकं बांधून ठेवलं होतं. आबा सासऱ्यांशी बोलून आले आणि माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, तुला न्या म्हणतात, पण पोरगी ह्या घरची हाय, ती इथंच राहील. मी बोचकं सोडलं. आबांनी ते पाहिलं आणि दुपारच्या एसटीनं निघून गेले.

घरात मला कोणी टाकून बोललं नाही, हे सांगायला हवं. सासू, जिला मी आत्या म्हणायची, माझ्या आधी पोरीला भरवायची. सासरे मोजकंच बोलणारे होते, ते आणखी मोजकं बोलू लागले. दीर माझ्याच वयाचे. भाऊ गेल्यावर मेंढरं आणि बारा एकर सगळं त्यांच्या अंगावर आलं होतं. तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी वसमतला कामाला गेले की कॉलेजच्या लायब्ररीतून माझ्यासाठी पुस्तक आणायचे. भावानं सांगून ठेवलं होतं म्हणून आणतो, असं एकदा म्हणाले.

त्या वर्षी मला युरोपचा इतिहास होता. दिरांनी आणलेलं पुस्तक जाडजूड होतं. त्याची पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळं ते कोणी लिहिलंय, त्याचं नाव काय, हे मला कधी कळलं नाही. माघात हळद निघाली, शिजवून झाली आणि खळ्यावर वाळत पडली. शेळ्या-मेंढ्या तोंड घालतात म्हणून दिवसभर राखण लागते. ती राखण आत्यावर आणि माझ्यावर आली. विधवेनं हळद लावायची नसते, पण राखायला कोणाची हरकत नव्हती. तिथंच बाभळीच्या सावलीत मी वाचत बसायची. पोरगी मांडीवर झोपलेली असायची. एका दुपारी आत्या म्हणाली, मनातल्या मनात काय वाचून राहिलीस, मला बी सांग.

मी तिला साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या राजांच्या गोष्टी सांगू लागले. नावं तिला जमत नव्हती, मलाही नीट जमत नव्हती. मग आत्यानं आपलीच नावं ठेवली. इंग्लंडच्या म्हाताऱ्या राजाला ती ‘कारभारी’ म्हणायची, त्याच्या धाकट्या लेकाला ‘बोकड्या’. स्पेनच्या राजाची लेक जहाजात बसून कारभाऱ्याच्या थोरल्या लेकाशी लग्न करायला आली. दोघंही पंधरा वर्षांची. पाच महिन्यांत त्याला ताप आला आणि तो गेला.

हे सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच राहिला. आत्यानं हळदीवरून हात फिरवला, वरची खाली केली.

“मंग त्या पोरीच्या बापानं काहून न्हाई नेलं तिला परत?” तिनं विचारलं.

मी सांगितलं की दोन्ही राजांचं भांडण होतं. हुंडा कोणी परत करायचा, नातं ठेवायचं की तोडायचं. तिला माहेरीही धाडेनात आणि सासरचंही म्हणेनात. सात वर्षं ती तशीच परक्या मुलुखात बसून राहिली. कपडे विरले, बरोबरच्या बायका कंटाळल्या. आत्या उठून एका शेळीला दगड मारून आली.

याच महिन्यात जवळा बाजारचं एक स्थळ दिरांसाठी आलं होतं. मुलगी दिरांनी तिथल्या आठवडी बाजारात आधीच पाहिली होती आणि त्यांना ती आवडली होती. हे मला आत्यानंच हसत सांगितलं होतं. पाहुणे चहा पिऊन बसले. सासऱ्यांनी त्यांना सांगितलं की यंदा घरात दुःख हाय, लगीन करायचं न्हाई. पाहुणे म्हणाले, वर्ष थांबू. सासरे म्हणाले, नका थांबू. मी आत चुलीपाशी होते. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, आणि दिराशी लागला तर जमीनही घरात राहते, पोरही घरात राहतं. मला कोणी विचारलं नव्हतं आणि बहुतेक दिरांनाही नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांसमोर यायचं टाळू लागलो. त्या एवढ्याशा घरात ते किती अवघड होतं, ते आम्हालाच माहीत.

खळ्यावर आत्या रोज पुढचं विचारायची. स्पेनच्या त्या लेकीचं पुढं काय झालं, ते पान मी वाचून ठेवलं होतं. पण मी सांगितलं की शेवटी बापाला दया आली आणि त्यानं तिला नेलं. मग घाईनं तिच्या थोरल्या बहिणीची गोष्ट काढली. तिचाही नवरा तापानंच गेला होता. ती त्याच्या मढ्याच्या पेटीपासून हलेना, पेटी घेऊन गावोगाव फिरली. लोक म्हणाले, राणी वेडी झाली. बापानं तिला एका वाड्यात कोंडलं. बाप मेला, पोटचा लेक राजा झाला, त्यानंही कोंडूनच ठेवलं. सगळी मिळून सेहेचाळीस वर्षं. राज्य कागदावर तिच्याच नावाचं होतं.

“वेडी न्हाई ती,” आत्या म्हणाली. “नावावर राज्य होतं ना तिच्या.”

दीर तेवढ्यात पाणी प्यायला खळ्यावर आले होते. तांब्या हातात घेऊन ते उभे राहिले. त्यांनी ते पुस्तक आणताना एसटीत वाचलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आत्या त्यांना म्हणाली, धाकटीला तरी बापानं माहेरी नेलं ते बरं झालं. दिरांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

“न्हाई माय,” ते म्हणाले. “तिला न्हाई नेलं. धाकट्या दिराशीच लावलं तिचं लगीन.”

आत्यानं हातातली हळद खाली ठेवली.  मग तिनं विचारलं, सुखात राहिली का. दिरांनी सांगितलं, वीस वर्षं राहिली. लेकरं झाली ती जगली नाहीत, एक पोरगी तेवढी राहिली. मग तोच दीर, आता राजा झालेला, म्हणायला लागला की भावाच्या बायकोशी लगीन म्हणजे पापच, हे लगीन झालंच नव्हतं, म्हणून मला लेक झाला न्हाई. तिला एका लांबच्या वाड्यात धाडून दिलं आणि पोरीला तिची भेटही होऊ दिली नाही. ती तिथंच मेली.

एवढं सांगून त्यांनी उरलेलं पाणी ओतून दिलं आणि गेले. आत्या माझ्यावर रागावली नाही. तू खोटं काहून सांगितलंस, असंही तिनं विचारलं नाही. संध्याकाळी सासऱ्यांशी तिचं बोलणं झालं. तिचं म्हणणं एवढंच होतं की वहिनी आईच्या जागी असते, पोराला ती बायको करून देऊ नका. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं की मग नातीला कोण सांभाळणार, सून उद्या दुसरीकडं गेली तर.   मी पोरीला घेऊन जाऊ शकत नव्हते, टाकून जाऊ शकत नव्हते आणि नुसती राहिले तर दिरांचं लग्न अडत होतं.

परीक्षा एप्रिलात होती. दिरांनीच मला एसटीनं वसमतला नेलं. दोघं वेगवेगळ्या सीटवर बसलो. पेपरात पहिलाच प्रश्न होता, इंग्लंडच्या राजानं पोपची सत्ता का झुगारली. उत्तर मला पाठ होतं. पोप, धर्म, मठांच्या जमिनी, संसद, सगळं. पण मी लिहायला बसले आणि त्या राणीबद्दलच लिहीत राहिले. सात वर्षं ती कशी बसून राहिली. दुसऱ्या लग्नाला तिनं हो म्हटलं तेव्हा दुसरं काय म्हणता आलं असतं. भरलेल्या न्यायसभेत तिनं राजासमोर गुडघे टेकून विचारलं की माझी काय चूक झाली, आणि उत्तर न ऐकताच ती उठून गेली. मी दोन पुरवण्या मागून घेतल्या. घंटा झाली तेव्हा बाकीच्या चार प्रश्नांची मिळून दीड पान उत्तरं झाली होती. त्या पेपरात मी नापास झाले.

वैशाखात पाट लागला. दिवस मावळल्यावर, पाच-सहा माणसांत, वाजंत्री नाही, मांडव नाही. विधवेच्या पाटाला तसंच करतात. आबा आले होते, पण जेवले नाहीत. त्याआधी दोन दिवस दीर वाडग्यापाशी माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले.

“वैनी, तुमी न्हाई म्हणा,” ते म्हणाले. “मी म्हणलो तर बाप ऐकणार न्हाई. तुमी म्हणा.”

मी म्हणाले, न्हाई म्हणून कुठं जाऊ, ते सांगा. त्यांनी पुष्कळ विचार केला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मग मान हलवून ते मेंढरं सोडायला गेले.

पहिलं दीड वर्ष ते वाडग्यातच झोपायचे. गावाला वाटायचं मेंढरांची राखण करतात. मला ते ‘वैनी’ म्हणणं सोडायला गेले, पण तोंडात बसलेलं जाईना. एकदा पिठाच्या गिरणीत चार माणसांसमोर त्यांनी मला वैनी म्हणून हाक मारली आणि लोक हसले. त्यानंतर त्यांनी हाकच मारणं सोडलं. नवरा बायकोला अगं-तुगं करतो, पण ते मला तुमीच म्हणत राहिले. आजही म्हणतात. मी मनात त्यांना अजून दीरच म्हणते, इथंही तसंच लिहिते आहे. त्यांच्याविषयी मला वाईट बोलता येणार नाही. पण आम्ही दोघं एकाच खोलीत कोंडलेल्या दोन पाहुण्यांसारखे राहिलो, आणि त्यातच आम्हाला एक लेक झाला.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराची ही गोष्ट. पोरगी तोवर शाळेच्या वयाची झाली होती. सासऱ्यांनी तिचं नाव शाळेत घातलं तेव्हा बापाचं नाव म्हणून दिरांचं नाव लिहिलं. पोरीला कोणी काही विचारू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. तिला आम्ही कोणीच सांगितलं नव्हतं. ती दिरांना बाबा म्हणायची, त्यांच्याच मागे मेंढरांत हिंडायची. मीही गप्प राहिले, कारण गप्प राहणं सोपं होतं.

पोरगी तिसरीत असताना सासरे गेले. झोपेतच गेले, कोणाला तकलीफ दिली नाही. दिवस झाल्यावर जमीन वारसांच्या नावावर करायचं निघालं. दीर तलाठ्याकडं जाऊन आले आणि म्हणाले, माझं आणि मायचं नाव लागतंय. मी विचारलं, पोरीचं. ते म्हणाले, ती माझीच पोरगी हाय ना, मग माझ्या मागं तिला आणि लेकाला बराबरच मिळेल.

ते मनापासून म्हणत होते. पण मला ते पटेना. थोरल्या भावाचा हिस्सा थोरल्याच्या लेकीला जायला हवा होता. शाळेच्या कागदावर ती धाकट्याची झाली होती, म्हणजे थोरल्याला मूलच नव्हतं असं होत होतं. मी स्वतः तलाठ्याकडं गेले. तो भला माणूस होता. त्यानं सांगितलं, तुम्ही पुन्हा लग्न केलं, तुमचा हक्क संपला, पण पोरीचा संपत नाही, ती थोरल्याची आहे हे मात्र दाखवावं लागेल. मी घरी येऊन बसले. एका बाजूला पोरगी होती, दुसऱ्या बाजूला पोटचा चार वर्षांचा लेक होता. पोरीचं मागायचं म्हणजे लेकाचं कमी करायचं. शिवाय पोरीला खरं सांगावं लागणार होतं.

आत्याला मी विचारलं तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. त्या राणीच्या पोरीचं काय झालं होतं, तिनं विचारलं. मी सांगितलं की आईबापाचं लगीन खोटं ठरवलं तेव्हा पोरीला कायद्यानं राजाची लेक मानणं बंद केलं. तिचा राजकन्येचा मान गेला, तिला नव्या राणीच्या लेकीच्या, सावत्र बहिणीच्या, घरी चाकरीत ठेवलं. पुढे राजाच्या तिसऱ्या बायकोचा लेक गादीवर बसला आणि पोरवयातच मेला. मरताना त्यानं लिहून ठेवलं की दोन्ही बहिणींना गादी द्यायची नाही, आणि दरबाऱ्यांनी नात्यातल्या एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला बळंच गादीवर बसवलं. ती नऊ दिवस राहिली. मग खऱ्या लेकीनं लोक गोळा करून गादी घेतली. त्या नऊ दिवसांच्या पोरीचं डोकं उडवलं.

“कुणाच्या तरी पोरीचंच उडतंय,” आत्या म्हणाली आणि शेंगा बाजूला सारून उठली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद होती, तिच्यात बापाचं नाव मालकांचंच होतं. ती नक्कल घेऊन आम्ही तलाठ्याकडं गेलो. त्यानं विचारलं, शाळेत वेगळं नाव कसं. आत्या कधी कुठल्या कचेरीत बोलली नव्हती. ती टेबलाला धरून उभी राहिली.

“पोरगी माझ्या थोरल्याची हाय,” ती म्हणाली. “नाळ मी कापली. लिवा.”

दीर दोन महिने माझ्या हातचं जेवले नाहीत. मी त्यांना लुबाडलं असं त्यांना वाटत नव्हतं. मी त्यांची पोरगी त्यांच्यापासून तोडली असं वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी ते स्वतः जाऊन सही करून आले. पोरीचं नाव सातबाऱ्यावर लागलं.

पोरीला मी एका रविवारी सकाळी सांगितलं. न्हाऊ घालून, वेणी घालताना, म्हणजे तिचा चेहरा मला दिसणार नाही अशा बेतानं. ती वेणी झाल्यावर उठली, दप्तर घेतलं आणि वाडग्यात दिरांपाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिनं अभ्यास तिथंच केला, मेंढरांच्या गलक्यात. पुढं तीन-चार वर्षं ती माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. शाळेत कोणी विचारलं तर बापाचं नाव ती दिरांचंच सांगायची, आणि सातबाऱ्यावरचं नाव दाखवलं की तोंड फिरवायची. ज्यांच्याकडून मी तिचा वाटा मागून घेतला, तिनं त्यांचीच बाजू घेतली. दीर तिला समजावत बसायचे. मला लांबून त्यांचं बोलणं ऐकू येत नसे, पण ते बोटानं माझ्याकडं दाखवायचे आणि पोरगी मान हलवून नाही म्हणायची.

बी.ए. मी त्याच दिवसांत पुरं केलं. त्या पेपराला पुन्हा बसले तेव्हा पोप, मठ, संसद सगळं क्रमानं लिहिलं आणि पास झाले. गावातल्या अंगणवाडीत मला काम मिळालं. पोरगी सातवीत असताना एक दिवस अंगणवाडीत आली, दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, बाबांना ताप हाय, घरी चल. आम्ही दोघी पळतच घरी आलो. साधा ताप होता, चार दिवसांत उतरला. त्या चार दिवसांत ती आणि मी आळीपाळीनं त्यांच्या उशाशी बसलो, आणि पट्टी बदलताना ती माझ्याशी आपसूक बोलायला लागली होती.